हवेचा हिशेब माशाकडे

हिवाळा लागला की वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर हवेचा आकडा येतो. मुंबईचा इतका, पुण्याचा इतका, चंद्रपूरचा इतका. आकडा दोनशेवर गेला की आपण खिडक्या लावून घेतो, खाली आला की फिरायला बाहेर पडतो. तलावाचे प्रदूषण म्हटले की मात्र वेगळेच चित्र डोळ्यांपुढे येते: नाला, फेस, जलपर्णी आणि पोट वर करून तरंगणारे मासे. हवा बिघडली की माणसाची छाती भरते, पाणी बिघडले की मासे मरतात, अशी कामाची वाटणी आपण मनाशी करून टाकली आहे. सरकारी कचेऱ्यांतली टेबलेही त्याच वाटणीने मांडलेली असतात.

ही वाटणी उथळ आहे, असे माझे म्हणणे आहे. पारा, पीसीबी (जुन्या ट्रान्सफॉर्मरांतले क्लोरिनयुक्त रसायन), डायॉक्सिन, जुनी क्लोरिनयुक्त कीटकनाशके हे पदार्थ उघड्या हवेत सहसा इतके विरळ असतात की श्वासापुरता विचार केला तर त्यांची दखल घ्यायचे कारणच दिसत नाही. त्यांचा घात सुरू होतो तो हवा सोडल्यावर. ते पाण्यावर उतरतात, गाळात मुरतात आणि माशाच्या अंगात साठतात. त्यामुळे या विषांची तपासणी हवेपाशीच थांबवली तर ती नुसती अपुरी राहत नाही, सगळे आलबेल आहे असा खोटा दाखला देते. हवा, पाऊस, गाळ आणि मासा या चौघांची नोंद एकत्र आणि वर्षानुवर्षे ठेवली तरच हा हिशेब लागतो, आणि त्यातली अखेरची बाकी माशाच्या खात्यावर दिसते. हे मी पायरीपायरीने मांडतो.

१. नाला नसलेले तळे

१९५६ साली जपानमधल्या मिनामाता येथे पाऱ्याच्या विषबाधेची अधिकृत नोंद झाली. कारखान्याची नळी, नळीखालचा उपसागर, उपसागरातला मासा आणि मासा खाणारी माणसे ही साखळी त्या घटनेने जगाला शिकवली. तो धडा खरा होता, पण त्यातून एक सवय जडली. मासा विषारी निघाला की आपण नळी शोधतो आणि नळी सापडली नाही की तळे निर्दोष ठरवतो.

या सवयीला पहिला मोठा धक्का बसला तो उत्तर अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवरात. तिथल्या आयल रॉयल बेटावर १९४० पासून राष्ट्रीय उद्यान आहे. ना रस्ते, ना मोटारी, ना शेती, ना कारखाना. बेटाच्या पोटात सिस्किविट नावाचे एक तळे आहे आणि त्याची पातळी भोवतालच्या सरोवरापेक्षा सुमारे १७ मीटर उंच आहे. म्हणजे सरोवराचे पाणी वर चढून तळ्यात शिरणे शक्य नाही. तरीही १९७० च्या दशकात या तळ्यातल्या ट्राउट माशांत पीसीबी आणि डीडीटी सापडले. पुढे टॉक्साफीनही सापडले. हे कीटकनाशक मुख्यतः अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या कापसावर फवारले जाई. ती शेते तिथून दीड हजार किलोमीटरहून दूर. येण्याची एकच वाट उरते, आभाळाची.

या तळ्याने आणखी एक वाद मिटवला. डायॉक्सिन ही आगीचीच उपज आहे, माणसाने चूल पेटवली तेव्हापासूनची, असा एक सोयीचा युक्तिवाद त्या काळी केला जाई. १९८४ मध्ये इंडियाना विद्यापीठाच्या रोनाल्ड हाइट्स यांनी सहकाऱ्यांसह सिस्किविटच्या गाळाचा थरांसकट उभा नमुना काढून तपासला. साधारण १९४० च्या आधीच्या थरांत डायॉक्सिन जवळजवळ नव्हतेच. वणवे त्याआधीही पेटत होते, दगडी कोळसाही जळत होता. नवे होते ते क्लोरिनयुक्त रसायनांचे उत्पादन आणि त्यांच्या कचऱ्याचे जाळणे. चुलीवरचा आरोप गाळाने पुसून टाकला.

यातून पहिला निष्कर्ष निघतो: तळ्याचे पाणलोट क्षेत्र नकाशावरच्या रेषेपाशी संपत नाही. पाण्यापुरते ते टेकडीच्या माथ्यापर्यंत असते. विषापुरते ते वारा नेईल तिथपर्यंत असते.

२. थेंबात न दिसणारे माशात कसे दिसते

दगडी कोळशात पारा अगदी लेशमात्र असतो. भट्टीत त्याची वाफ होते आणि ती धुरांड्यातून दोन रूपांत बाहेर पडते. मूलद्रव्य रूपातला पारा काही महिने ते वर्षभर हवेत राहून पृथ्वीप्रदक्षिणा करतो. ऑक्सिडीभूत पारा पाण्यात चटकन विरघळतो आणि पावसाबरोबर तुलनेने जवळच उतरतो. तळ्याच्या तळाशी, जिथे प्राणवायू पोचत नाही अशा गाळात, सल्फेटवर जगणारे काही जिवाणू या पाऱ्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात. हे काम त्यांच्याकडून करवणारी जनुकांची जोडी २०१३ मध्ये ओळखली गेली. इथून पुढचा प्रवास चढणीचा आहे. शेवाळ मिथिल पारा शोषते, शेवाळ खाणारे सूक्ष्म प्राणी तो साठवतात, त्यांना छोटे मासे खातात, छोट्यांना मोठे. शरीरातून तो बाहेर टाकणे माशाला फार मंद गतीने जमते, त्यामुळे प्रत्येक पायरीवर प्रमाण वाढते. पाण्याच्या तुलनेत शिकारी माशात ते दहा लाख पटींहूनही अधिक भरू शकते.

पीसीबी आणि त्याच्या जातकुळीतल्या रसायनांची तऱ्हा निराळी. ऊन लागले की ती उडतात, गारठा लागला की बसतात, पुन्हा ऊन लागले की पुन्हा उडतात. टोळासारख्या उड्या मारत ती उष्ण प्रदेशाकडून थंड प्रदेशाकडे सरकतात. सुपीरियर सरोवर अशा पाहुण्यांसाठी जणू आभाळाखाली मांडलेली परात आहे: ८२,१०० चौरस किलोमीटर पृष्ठभाग, थंडगार पाणी, आणि ते पाणी पुरते बदलायला लागणारी सुमारे १९१ वर्षे.

दोन्ही विषांतला फरक स्वयंपाकघरात कळतो. पीसीबी चरबीत बसते. कातडी आणि पोटाकडची चरबी काढून टाकली तर निदान काही भाग तरी टळतो. पारा मांसातल्या प्रथिनांना चिकटतो. मासा कसाही कापा, चिंच-आमसूल लावा, खरपूस तळा, पारा जागचा हलत नाही. त्याचा बंदोबस्त ताटात होत नाही. तो धुरांड्यापाशीच करावा लागतो.

३. मोजणे म्हणजे दर वर्षी तोच प्रश्न विचारणे

या साखळीवर पाळत कशी ठेवायची याचा सर्वांत दीर्घ धडा सुपीरियर ज्यांपैकी एक आहे त्या पंचसरोवरांच्या प्रदेशात मिळतो. अमेरिका आणि कॅनडा यांनी १९७२ मध्ये सरोवरांच्या पाण्यासाठी करार केला. १९८७ मध्ये त्यात हवेतून येणाऱ्या विषांचा स्वतंत्र अध्याय घातला गेला आणि १९९० मध्ये त्यातून हवेतून उतरणाऱ्या विषांचे संयुक्त मोजणीजाळे उभे राहिले. प्रत्येक सरोवराकाठी एक मुख्य केंद्र. दर बारा दिवसांनी चोवीस तास पंप चालतो. गाळणकागदावर कण अडकतात, त्यामागच्या राळेत किंवा फोमात वाफ अडकते. पावसाचे पाणी वेगळे साठवले जाते. काम अत्यंत कंटाळवाणे आहे आणि त्याचे मोल त्या कंटाळ्यातच आहे. शिकागोच्या हवेत पीसीबी दूरच्या किनाऱ्यांपेक्षा सुमारे दहापट आहे, हे या जाळ्यामुळे कळले. अमेरिकेत पीसीबीचे उत्पादन १९७० च्या दशकातच थांबले होते. तरीही जुन्या इमारती, ट्रान्सफॉर्मर आणि कचराभूमी ते अजून श्वासासारखे सोडत आहेत. कागदावर बंदी आली तरी हवेला ती कळायला कित्येक दशके लागतात.

माशांची मोजणी याच्या जोडीला चालते. ठरावीक ठिकाणी, ठरावीक हंगामात, ६०० ते ७०० मिलिमीटर लांबीचा लेक ट्राउट पकडायचा. लांबीचा हा आग्रह क्षुल्लक वाटेल, पण मोठा मासा म्हणजे बहुधा म्हातारा मासा आणि म्हातारा म्हणजे जास्त साठवलेला. यंदा मोठे मासे मिळाले आणि पुढच्या वर्षी छोटे, तर प्रदूषण घटल्याचा भास होईल. म्हणून लांबी बांधून घ्यायची, आणि जमेल तिथे कानातला बारीक खडा काढून, झाडाच्या बुंध्यातली वलये मोजतात तसे त्याच्यावरचे थर मोजून, वय काढायचे. मग अख्खा मासा डोक्या-आतड्यांसकट दळायचा आणि पाच-पाच माशांचा एकत्रित नमुना करायचा. खाणाऱ्याचा धोका जोखताना फक्त मांसाचा तुकडा तपासतात. इथे प्रश्न सरोवराच्या प्रकृतीचा असल्याने पूर्ण मासाच लागतो.

या कार्यक्रमातला सर्वांत दूरदर्शी भाग म्हणजे शीतपेटी. दळलेल्या माशाचा काही भाग गोठवून जपून ठेवला जातो. फर्निचर आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू चटकन पेट घेऊ नयेत म्हणून ब्रोमिनयुक्त रसायने वापरली जात. ती माशात आहेत का, असा प्रश्न जेव्हा पडला तेव्हा वीस वर्षांपूर्वीचे मासे हाताशी होते. १९८० ते २००० या काळातले जपलेले नमुने तपासल्यावर दिसले की या रसायनांचे प्रमाण दर तीन-चार वर्षांनी दुप्पट होत गेले होते. ते मासे ठेवले तेव्हा हा प्रश्न कोणालाच ठाऊक नव्हता. उत्तर आधी साठवले गेले होते, प्रश्न मागून आला.

४. मासा मरत नाही म्हणून तो बरा आहे असे नाही

मासे तरंगताना दिसले की बातमी होते. हवेतून हळूहळू येणारे विष बहुधा तशी बातमी होऊ देत नाही. ते पुढची पिढी जन्मू देत नाही किंवा माशाचे अन्न काढून घेते.

कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांताच्या वायव्येला १९६८ पासून एक प्रयोगक्षेत्र आहे. तिथली प्रयोगशाळा म्हणजे अख्खी तळी. आम्लपावसाचा परिणाम पाहण्यासाठी डेव्हिड शिंडलर यांच्या गटाने १९७६ पासून तिथल्या २२३ क्रमांकाच्या तळ्यात मोजून गंधकाम्ल टाकले आणि आम्लता वर्षावर्षाने वाढवत नेली. पहिले बळी गेले ते कोळंबीच्या जातीचे बारीक प्राणी आणि मिनोसारखे छोटे मासे. मोठा लेक ट्राउट बराच काळ जिवंत होता, पण त्याची शिदोरी संपली होती. अखेरच्या वर्षांतले त्याचे फोटो पाहिले तर डोके मोठे आणि धड वाळलेले दिसते. थेट विषबाधा होण्याआधीच तो उपासमारीला लागला होता.

दुसरे उदाहरण ऑन्टारियो सरोवराचे. तिथला लेक ट्राउट विसाव्या शतकाच्या मध्याला नाहीसा झाला. दोष बेसुमार मासेमारीला आणि लॅम्प्री या परोपजीवी माशाला दिला गेला, आणि तो चुकीचा नव्हता. पण २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गाळाच्या कालबद्ध थरांवरून जुन्या काळातले डायॉक्सिनसदृश विषाचे प्रमाण काढले गेले आणि अंड्यांच्या सोसण्याच्या मर्यादेशी ताडले गेले. निष्कर्ष असा, की १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून १९७० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत अंड्यातून निघालेले प्रत्येक पिल्लू मरावे इतके विष त्या पाण्यात होते. प्रौढ मासे मात्र त्याच पाण्यात पोहत होते. इथे विषाचा मोठा भाग नायगारा नदीकाठच्या कारखान्यांतून आला होता, हवेतून नव्हे. विष कुठल्याही वाटेने येवो, ‘मासे दिसताहेत म्हणजे तळे ठीक आहे’ हा निकष फसवा आहे, एवढे यातून सिद्ध होते.

५. आभाळाची नळी बंद केली तर

आता कळीचा प्रश्न. जुना पारा गाळात आणि मातीत पिढ्यान्‌पिढ्या साठला आहे. मग आज धुरांडे स्वच्छ करून उपयोग काय? याचे उत्तर नुसत्या तर्काने मिळत नाही. त्यासाठी त्याच कॅनडातल्या प्रयोगक्षेत्रात ६५८ क्रमांकाचे तळे निवडले गेले.

२००१ ते २००७ अशी सात वर्षे तिथे पाऱ्याची तीन वेगवेगळी समस्थानिके वापरली: एक भोवतालच्या जंगलावर विमानातून फवारले, दुसरे दलदलीवर आणि तिसरे थेट तळ्यात सोडले. जणू तीन रंगांची शाई. माशात पारा सापडला की तो कुठून आला हे सांगता येऊ लागले. पहिल्या तीन वर्षांत माशांत जी वाढ झाली ती जवळजवळ सगळी थेट तळ्यात सोडलेल्या पाऱ्यामुळे होती. जंगलावर पडलेल्या पाऱ्यापैकी एक टक्काही तळ्यापर्यंत पोचला नव्हता. मग पारा टाकणे थांबवले आणि आठ वर्षे नुसते मोजले. २०२१ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. साखळीच्या खालच्या जीवांत हा खुणेचा मिथिल पारा ९१ टक्क्यांपर्यंत घटला. मोठ्या माशांपैकी पाइकच्या एकूण समूहात तो ७६ टक्के, तर व्हाइटफिशमध्ये ३८ टक्के उतरला. जुने पाइक फारसे निवळले नव्हते. त्यांची जागा स्वच्छ पाण्यात जन्मलेल्या नव्या पाइकांनी घेतली होती.

हा निकाल दोन बाजूंनी वाचावा लागतो. नुकता पडलेला पारा जुन्यापेक्षा अधिक तत्परतेने माशात चढतो, म्हणून उत्सर्जन घटवल्याचे फळ एका दशकात दिसू शकते. पण जंगलाच्या मातीत मुरलेला पारा सावकाश झिरपत राहतो, म्हणून पुरते निवळायला त्याहून कितीतरी अधिक काळ लागतो. ‘आता उपयोग नाही’ म्हणणारे आणि ‘बंदी आली, प्रश्न मिटला’ म्हणणारे, दोघेही या आकड्यांपुढे टिकत नाहीत.

६. आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप: प्रमाण इतके थोडे, की बाऊ कशाला? साधा हिशेब करू. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व आरोग्य संघटनांच्या तज्ज्ञ समितीने मिथिल पाऱ्याची आठवड्याची सुसह्य मर्यादा शरीराच्या दर किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम ठरवली आहे. ६० किलोच्या माणसाला आठवड्याला ९६ मायक्रोग्रॅम. समजा माशात दर ग्रॅमला ०.२ मायक्रोग्रॅम आहे. रविवारी एकदा १५० ग्रॅम मासा खाणाऱ्याच्या पोटात ३० मायक्रोग्रॅम जातील, काळजी नको. पण रोज तेवढाच मासा खाणाऱ्या मच्छीमाराच्या पोटात २१० जातील, मर्यादेच्या दुपटीहून जास्त. मासा तोच, तळे तेच. ‘सरासरी नागरिक’ सुरक्षित असतो, कारण तो मासा कमी खातो.

दुसरा आक्षेप: मासा हा गोंधळलेला साक्षीदार आहे. यात तथ्य आहे. मिशिगन सरोवरातल्या १९७८ पासूनच्या जपलेल्या ट्राउट माशांचा समस्थानिकांच्या मदतीने अभ्यास झाला, तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट दिसली. हवेतून येणारा पारा घटला होता, पण परक्या मुलखातून आलेल्या क्वागा शिंपल्यांनी आणि गोबी माशांनी सरोवरातली अन्नसाखळीच बदलली. ट्राउटचा आहार पालटला आणि उत्सर्जन घटल्याचा फायदा माशात पूर्ण दिसेना. नुसता मासा तपासला असता तर ‘धुरांडी स्वच्छ करून काही झाले नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघाला असता. नुसती हवा तपासली असती तर ‘सगळे सुधारले’ असा. माझे म्हणणे म्हणूनच एकट्या माशापुरते नाही. साक्षीदार चार हवेत आणि त्यांची उलटतपासणी एकमेकांकडून व्हायला हवी.

तिसरा आक्षेप: पारा जगभरचा आहे, एकट्या देशाने काय करायचे? माणसाच्या हातून दर वर्षी सुमारे २,२०० टन पारा हवेत जातो, असा संयुक्त राष्ट्रांचा २०१५ सालासाठीचा अंदाज आहे. त्यात सर्वांत मोठा वाटा छोट्या सोनेखाणींचा आणि त्याखालोखाल कोळशाचा. पण धुरांड्यातून निघणाऱ्या पाऱ्याचा ऑक्सिडीभूत भाग जवळच पडतो, हे वर आलेच आहे. आपल्या धुरांड्याखालची तळी आपलीच असतात. जागतिक भागासाठी २०१७ पासून मिनामाता करार लागू आहे. भारताने तो २०१८ मध्ये अंतिमतः स्वीकारला. कराराचे कलम २२ त्याची परिणामकारकता मोजायला सांगते. मोजणीच नसेल तर करार पाळला गेला की नुसता फाइलला लावला गेला, हे कळायला मार्ग नाही.

चौथा आक्षेप: ‘हा मासा जपून खा’ अशी पाटी लावली की झाले. पाटी वाचून ज्याला दुसरे काही खाता येते त्याच्यासाठी ती ठीक आहे. सुपीरियर सरोवराकाठच्या ओजिब्वे जमातींना वॉलाय मासा पकडण्याचा हक्क जुन्या तहांनी राखून ठेवला आहे आणि तो मासा त्यांच्या वसंतातल्या रिवाजाचा भाग आहे. त्यांच्या मत्स्य आणि वन्यजीव आयोगाने तळ्यागणिक पारा मोजून रंगीत नकाशे काढले: या तळ्यातला मासा महिन्याला इतक्या वेळा, गरोदर बाईने आणि मुलांनी इतक्या वेळा. काम उत्तमच आहे. पण त्याचा अर्थही लक्षात घ्यावा. ज्याने धूर सोडला त्याच्यावर काही बंधन आले नाही; जो मासा खातो त्याने आपले ताट आखडते घेतले. पाटी ही तात्पुरती मलमपट्टी आहे आणि तिलाच उपचार समजणे हा सोयीचा आळस आहे.

७. आपल्या तळ्यांकडे पाहताना

हे सगळे थंड मुलखातले, आपला काय संबंध, असे वाटत असेल तर कोडाईकनालकडे पाहावे. न्यूयॉर्क राज्यात, ऑन्टारियो सरोवरापासून जवळच्या वॉटरटाउन गावातला थर्मामीटरचा कारखाना १९८३ च्या सुमारास तिथून उचलून या थंड हवेच्या ठिकाणी आणला गेला. २००१ मध्ये तो बंद पडला. कारखान्याच्या आवारातले पाणी दक्षिणेकडे पांबार शोलाच्या जंगलात उतरते. कोडाईचे तळे उत्तरेला आहे. नळी शोधणाऱ्या नजरेने हे तळे निर्दोष सोडले असते. हैदराबादच्या अणुऊर्जा विभागाच्या प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी मात्र तळ्याचे पाणी, गाळ आणि मासे तपासले आणि २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. कोडाईच्या गाळात दर किलोला २७६ ते ३५० मायक्रोग्रॅम पारा निघाला. २० किलोमीटरहून दूरच्या बेरिजममध्ये १८९ ते २२६ आणि कुक्कलमध्ये ८५ ते ९१. कोडाईच्या माशांत दर किलोला १२० ते २९० मायक्रोग्रॅम, म्हणजे दर ग्रॅमला ०.१२ ते ०.२९. वरच्या हिशेबातला ०.२ चा आकडा मी हवेतून काढलेला नाही. तो या माशांच्या मधोमध बसतो.

महाराष्ट्रातली मोजणी कुठे उभी आहे? २००९ च्या राष्ट्रीय हवा मानकांत १२ प्रदूषके आहेत. शिसे आहे, आर्सेनिक आहे, निकेल आहे, पारा नाही. रोज छापल्या जाणाऱ्या निर्देशांकात तर आठच घटक, आणि त्यांपैकी सर्वांत वाईट घटकाचा आकडा हाच त्या दिवसाचा आकडा. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने औष्णिक केंद्रांच्या धुरातल्या पाऱ्यावर घनमीटरला ०.०३ मिलिग्रॅमची मर्यादा घातली, हे चांगले झाले. पण धुरातला गंधक धुऊन काढणारी यंत्रणा बसवण्यातून जुलै २०२५ मध्ये बहुसंख्य संचांना सूट दिली गेली, तेव्हाची चर्चा आठवावी. आसपासच्या हवेतला सल्फर डायॉक्साइड मर्यादेत आहे की नाही, एवढ्याभोवतीच ती मुख्यतः फिरली. हीच यंत्रणा ऑक्सिडीभूत पाराही धुऊन काढते आणि पावसातून येणारे सल्फेट गाळातल्या त्या जिवाणूंचे खाद्य आहे, हे मुद्दे कडेलाच राहिले. प्रश्न हवेपाशी थांबवला की उत्तरही हवेपाशीच थांबते, ते असे.

आता पूर्व विदर्भाचा नकाशा समोर ठेवू. चंद्रपूरचे २,९२० मेगावॉटचे केंद्र आणि शेजारी इरई धरण. कोराडी, खापरखेडा, मौदा. गोंदिया जिल्ह्यात तिरोड्याचे ३,३०० मेगावॉटचे केंद्र आणि त्याच तालुक्यात बोदलकसा, चोरखमारा ही तळी. या पट्ट्यात मालगुजारी तलावांची जुनी परंपरा आहे आणि त्यांवर जगणारा ढिवर समाज आहे, ज्याच्या घरी मासा हे रविवारचे कौतुक नसून रोजचे कालवण आहे. या तळ्यांतले मासे विषारी आहेत असा माझा दावा नाही. दावा एवढाच, की धुरांडे, तळे आणि रोज मासा खाणारे ताट इतके जवळ असताना हवेच्या यंत्रावरच्या आकड्याने समाधान मानणे हा शहाणपणा नव्हे.

इथे एक रास्त शंका निघेल: थंड देशातला ट्राउट सावकाश वाढतो, आपले कटला-रोहू वर्षभरात बाजारात जातात, तिकडचे आकडे इकडे कसे लावायचे? लावू नयेतच. झपाट्याने वाढणाऱ्या, वनस्पती आणि प्लवक खाणाऱ्या माशात विष कमी साठते. म्हणून तर आपला साक्षीदार आपणच निवडायला हवा. मरळ आहे: मासे-बेडूक खाणारी, त्याच तळ्यात वर्षानुवर्षे राहणारी. वाम आहे. बीज सोडून वाढवलेल्या रोहूची तपासणी करून तळ्याला प्रमाणपत्र देणे म्हणजे काल गावात आलेल्या पाहुण्याला गावचा इतिहास विचारण्यासारखे आहे.

आणि हे खर्चाच्या नावाखाली टाळण्यासारखे काम नाही. थेट पारा मोजणारे यंत्र चिमूटभर मांसावर काही मिनिटांत आकडा देते. हवेतल्या कीटकनाशकांसाठी दोन वाट्यांमध्ये टांगलेली फोमची चकती पुरते. तिला वीज लागत नाही, आणि जगभरच्या अनेक देशांत अशा चकत्या वापरल्या जातात. कापसावर वर्षानुवर्षे फवारलेले आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातलेले एंडोसल्फान आज वऱ्हाडच्या हवेत किती उरले, हे तिला विचारता येईल. दहा-बारा तळी निवडावीत, त्यांतली निम्मी धुरांड्यांपासून दूरची. प्रत्येक तळ्यातून दर वर्षी एकाच महिन्यात, एकाच लांबीच्या मरळी मच्छीमार संस्थेकडून विकत घ्याव्यात. पकडणाऱ्यालाच निकाल आधी कळवावा. एका तळ्याच्या गाळाचा उभा नमुना काढावा, म्हणजे केंद्र सुरू होण्याआधीचे थरही बोलतील.

गाळ निदान मागे जाऊन वाचता येतो. मासा तसा वाचता येत नाही. गेल्या वर्षीची मरळ कापली गेली, शिजली, खाल्ली गेली. तिच्या अंगात काय होते हे आता कुठलीही प्रयोगशाळा सांगू शकणार नाही. दहा वर्षांनी कोणी विचारेल, की २०१५ च्या नियमाने काही फरक पडला का, २०२५ च्या सवलतीने काही बिघडले का. तेव्हा शीतपेटी उघडता आली पाहिजे आणि तीत तारीख लिहिलेली पुडी असली पाहिजे. प्रश्न पुढे कधीही विचारता येईल. यंदाची मरळ मात्र यंदाच पकडून ठेवावी लागेल.